विषय काढत नाही, म्हणजे बरा झाला?

डोळ्यांदेखत कुणी लोकलमधून पडलं आणि त्या धक्क्याने माणूस हादरला, की काही महिन्यांनी घरचे म्हणतात, ‘आता विषयही काढत नाही, बरा झाला.’ साफ चूक. पीटीएसडीत, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकारात, टाळणं हेच एक लक्षण आहे. माझा शेजारी शांत दिसायचा. पण कळव्याहून ठाण्याला, एका स्टेशनासाठीही, रिक्षाच करायचा. उपचार लागू पडले का, हे पाहायला पीसीएल-५ ही प्रश्नावली वापरतात: २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. उपचारापूर्वीचा आकडा हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि नुसती बेरीज पाहू नका. झोप सुधारते, टाळणं तसंच राहू शकतं. परवा शेजाऱ्याने फलाटावर दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढला. ‘हे डॉक्टरांना नक्की सांग,’ म्हटलं.