दुर्बीण, शिकारी रायफलीची (अल्पवर्धनी)

शिकारी रायफलीवर नेम धरण्यासाठी बसवलेली, कमी विवर्धनाची (दृश्य कमी पटीने मोठे दाखवणारी) व नळीवरचे कडे फिरवून ते विवर्धन बदलता येणारी दुर्बीण. हिचे किमान विवर्धन १ ते १·५ पट आणि कमाल ४, ६ किंवा ८ पट असते. वस्तुभिंग (लक्ष्याकडचे पुढचे भिंग) बहुधा २० ते २४ मिमी. व्यासाचे असते. ‘१–६×२४’ या लेखनात पहिले दोन आकडे विवर्धनाच्या मर्यादा दाखवतात, शेवटचा वस्तुभिंगाचा व्यास. मोठ्या वस्तुभिंगाच्या दुर्बिणीप्रमाणे हिचे पुढचे तोंड घंटेसारखे फुगलेले नसते, नळी सरळच पुढे जाते. हाक्याची शिकार, दाट रान आणि जवळून अंगावर येऊ शकणारी जनावरे ही हिची कामाची क्षेत्रे.

इतिहास : नेमाच्या दुर्बिणीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. इंग्रज ज्योतिर्विद विल्यम गॅस्कॉइन याला सु. १६४० मध्ये आपल्या दुर्बिणीत कोळ्याचा धागा ताणलेला दिसला आणि त्यावरून नेमाच्या फुलीची कल्पना सुचली, असे सांगतात. धागा आणि दूरचे दृश्य एकाच वेळी स्पष्ट दिसण्याचे कारण, तो धागा प्रतिमेच्या प्रतलातच (प्रतिमा जिथे पडते त्या सपाटीतच) होता. आजच्या फुलीचे तत्त्व हेच आहे. मात्र गॅस्कॉइनचे काम खगोलीय मोजमापाचे होते. तो १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. त्याला बंदुकीच्या दुर्बिणीचा जनक म्हणणे ओढूनताणून वाटते.

अमेरिकन ग्रंथकार हा मान जॉन आर. चॅपमन व न्यूयॉर्क राज्यातील युटिकाचा बंदूककार मॉर्गन जेम्स यांना देतात. त्यांचे काम एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांतले असावे. त्याच राज्यातील विल्यम माल्कम १८५५ पासून दुर्बिणी विकू लागला. मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी केलेला स्कॉटिश अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने काढलेली दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगाला बसत असे. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडील काही व्हिटवर्थ रायफलींवर ती होती. जर्मन भाषेतील लेखक यांपैकी कोणाला फारसे न मोजता, सु. १८८० मध्ये ऑस्ट्रियातील वनाधिकारी आउगुस्ट फीडलर याने बनवलेल्या दुर्बिणीपासून सुरुवात धरतात. हा वाद बराचसा व्याख्येचा आहे. सुरुवातीच्या अमेरिकन दुर्बिणी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतक्या लांब आणि अतिशय अरुंद दृष्टिक्षेत्राच्या होत्या. स्थिर लक्ष्यावर त्या चालत, पळत्या जनावरावर नाही. प्रस्तुत प्रकाराची पूर्वपीठिका पाहायची तर ती मध्य युरोपातील शिकारी दुर्बिणींत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

बदलत्या विवर्धनाच्या शिकारी दुर्बिणी जर्मनीत साधारणपणे १९२० नंतरच्या दशकात आल्या. त्यांचा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९३५ मध्ये भिंगे बनवणाऱ्या जर्मन त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला याने भिंगावरील परावर्तनरोधी लेपाची रीत शोधली. भिंगांची संख्या वाढली की प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश वाया जातो, आणि विवर्धन बदलणाऱ्या दुर्बिणीत भिंगे जास्तच लागतात. त्यामुळे या लेपाचा लाभ तिला अधिक झाला. नळीत नायट्रोजन भरून ती बंद केल्यामुळे भिंगांच्या आतल्या बाजूस धुके धरणेही थांबले.

रचना व फुलीचे प्रतल : वस्तुभिंगाने पाडलेली प्रतिमा उलटी असते. मधल्या भिंगांची जोडी ती सुलटी करते. ही भिंगे मागेपुढे सरकवली की विवर्धन बदलते. फुली या जोडीच्या पुढे बसवावी की मागे, हा जुना झगडा आहे. पुढे, म्हणजे पहिल्या प्रतलात, असलेली फुली प्रतिमेबरोबरच लहानमोठी होते. तिच्यावरील खुणांचे माप कोणत्याही विवर्धनाला खरे राहते आणि सरकत्या भिंगांत थोडी ढिलाई असली तरी नेम हलत नाही, कारण फुली व दृश्य दोन्ही एकत्रच हलतात. युरोपीय कारागिरांनी दीर्घकाळ हीच पद्धत धरली. दुसऱ्या प्रतलातील फुली डोळ्याला नेहमी सारखीच जाड दिसते. अमेरिकन शिकाऱ्यांची पसंती हिला. पूर्वी अशा दुर्बिणीत कडे फिरवले की गोळी थोडी बाजूला लागे. हा दोष मूळ तत्त्वाचा नव्हता, ढिल्या घडणीचा होता, आणि चांगल्या घडणीत तो आता जाणवण्याजोगा राहिलेला नाही.

अल्पवर्धनी दुर्बिणीपुरते पाहिले तर दुसरे प्रतल अधिक सोयीचे. पहिल्या प्रतलातील फुली १ पटीला केसासारखी बारीक होऊन रानाच्या काळोख्या पार्श्वभूमीत हरवते, आणि धावत्या जनावरावर नेम धरताना शिकारी नेमका १ पटीलाच असतो. मध्यभागी भर उन्हातही दिसेल असा लाल ठिपका उजळण्याची सोय असेल तर ही अडचण बरीच कमी होते.

निवड : दुकानात कमाल आकडा आधी विचारला जातो, पण खरी कसोटी किमान आकड्याची. १ पटीला १०० मी. अंतरावर सु. ३६ मी. रुंदीचे दृश्य मिळते, ४ पटीला सु. १० मी. आता जनावर २५ मी. वर आहे असे धरा. ४ पटीला दृश्य अडीच मीटरच उरते आणि दीड मीटर लांबीचे रानडुक्कर त्यातला निम्म्याहून अधिक भाग व्यापते. १ पटीला तेच दृश्य नऊ मीटरचे. ताशी ४० किमी. वेगाने पळणारे डुक्कर दहा मीटरची मोकळी पट्टी एका सेकंदाच्या आत ओलांडते. तेवढ्या वेळात ते दुर्बिणीत शोधत बसता येत नाही. म्हणूनच जर्मनी व फ्रान्समध्ये हाकारे जनावर उठवतात त्या शिकारीत दोन्ही डोळे उघडे ठेवून १ पटीवर नेम धरतात. किमान विवर्धन खरोखर १ आहे की १·१, १·२, हे विकत घेण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांनी दाराची चौकट पाहून ताडता येते. चौकटीची कड दुर्बिणीत शिरताना तुटलेली दिसली, तर ते १ नव्हे.

सांजवेळेच्या प्रकाशाबद्दल बरेच गैरसमज आहेत. विवर्धन व वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे ‘संधिप्रकाशांक’, असे माप विक्रीपत्रकांत छापतात. त्यानुसार ८×५६ दुर्बिणीचा अंक सु. २१ येतो आणि कोणी २४×२४ दुर्बीण केली तर तिचा २४, म्हणजे अधिक चांगला! प्रत्यक्षात हिच्यातून डोळ्यात येणारी प्रकाशशलाका जेमतेम १ मिमी. जाडीची असेल. त्यापेक्षा वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागून येणारी शलाकेची जाडीच ध्यानात ठेवावी. २४ मिमी. वस्तुभिंगाला ६ पटीवर ती ४ मिमी. असते, ४ पटीवर ६ मिमी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सु. ७ मिमी. पर्यंत उघडते, उतारवयात बरीच कमी. तेव्हा दिवेलागणीला कडे मागे फिरवणेच इष्ट. मचाणावर रात्री बसणाऱ्याने मात्र ५६ मिमी.ची दुर्बीण घ्यावी. हे अल्पवर्धनी दुर्बिणीचे काम नाही.

पराशयाची (डोळा बाजूला सरकल्यास फुली लक्ष्यावरून हललेली दिसण्याची) चिंता इथे फारशी नसते. १०० मी. ला जुळवलेल्या २४ मिमी. दुर्बिणीत डोळा पार कडेला गेला तरी २५ मी. वर चूक सु. ९ मिमी. इतकीच होते. डोळा व नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) यांतील अंतर अधिक महत्त्वाचे. ·३७५ एच. अँड एच. (हॉलंड अँड हॉलंड) सारख्या जोरदार काडतुसाच्या रायफलीवर ते किमान ९ सेंमी. तरी हवे, नाहीतर धक्क्याने नेत्रिकेची कड भुवईवर अर्धचंद्र उमटवते. फुगीर तोंड नसल्याने दुर्बीण नळीला चिकटून खाली बसते. गाल दस्त्यावरून न उचलता डोळा थेट फुलीवर येतो. घायाळ जनावराच्या मागावर झुडपात शिरताना दुर्बीण काढून माशीवर (नळीच्या टोकावरील नेमखुणेवर) नेम धरता यावा म्हणून दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारे, झटकन सुटणारे कडे वापरण्याची चाल आहे.

भारतात : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरांसाठी अपवादात्मक परवानगी मिळते. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना मिळतो तो बहुधा ठासणीच्या किंवा छऱ्यांच्या बंदुकीचा, आणि तिला माशी पुरते. आंतरराष्ट्रीय रायफल नेमबाजीतही विवर्धन करणारी दुर्बीण चालत नाही. धावत्या लक्ष्याच्या स्पर्धा हा अपवाद.