संघात किती, मैदानात किती

कबड्डीत एका बाजूला सात गडी उतरतात. बाद झालेला बाहेर जाऊन बसतो, पण संघातून जात नाही. ज्या क्रमानं बाद झाले, त्याच क्रमानं गडी परत उठतात. म्हणजे आकडे दोन: संघात किती आणि मैदानात किती. हे आमच्या विदर्भातल्या गावच्या पोरांना शिकवावं लागत नाही. तीच पोरं नेटवरच्या गेमची स्क्रिप्ट, म्हणजे गेम चालवणारा कोड, लिहायला बसली की मात्र नेमकी इथंच अडकतात.

मोजणीचा हा प्रश्न जुना आहे. १९९६ च्या ‘क्वेक’ या कॉम्प्युटर गेममध्ये खेळाचे नियम क्वेकसी या छोट्या भाषेत लिहिलेले होते, आणि संघ ठरायचा पँटच्या रंगावरून! रंग जुळला तो आपला. मोजायचं तर हजर असलेला एकेक खेळाडू पाहायचा, रंग ताडायचा. हसू येतं, पण पद्धत खणखणीत: जो समोर आहे तोच मोजला जातो.

‘हाफ-लाइफ’ या गेमचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम, ‘क्वेक’च्याच इंजिनावरून केलेलं. त्यावर १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ हा दोन बाजूंच्या गोळीबाराचा गेम आला. एका बाजूचे सगळे मेले की डाव संपू शकतो, म्हणून इथं ‘जिवंत किती’ हा आकडा वेगळा लागला. दोन्ही बाजू समसमान ठेवायच्या तर ‘दाखल किती’ हा वेगळा. कबड्डीचाच हिशोब.

तालुक्याच्या सायबर कॅफेत आम्ही हेच खेळायचो. भारनियमनाचे दिवस, एखाद्या मशीनचा यूपीएस मेलेला असायचा. लाइन गेली की तेवढाच गडी गडप. हे खेळ यूडीपीवर, म्हणजे कायमची जोडणी न ठेवता नुसते निरोप धाडायच्या पद्धतीवर, चालतात, त्यामुळे असा गेलेला सांगून जात नाही. ठरलेली मुदत संपेपर्यंत सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारं मुख्य मशीन, त्याला हजरच धरतो. “अबे, आमी चारच हाओ ना!” अशी बोंब उठायची, पण पडद्यावर पाच.

आता पोरं रोब्लॉक्स या गेम बनवायच्या-खेळायच्या ऑनलाइन मंचावर स्वतःच गेम बांधतात. तो २००६ चा. त्याची भाषा ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कुळातली, आणि ल्युआ १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओत जन्मली. रोब्लॉक्सवर प्रत्येक संघाला ‘गेटप्लेयर्स’ (खेळाडू दे) ही आज्ञा दिली की त्या घडीची ताजी यादी मिळते. तिच्यापुढं # लावलं की आकडा. हे चिन्हही ल्युआत २००६ सालीच, ५.१ आवृत्तीत आलं. मात्र स्वतः ठेवलेल्या यादीत मधली जागा रिकामी झाली, तर # वर विसंबू नये.

तरी नवशिका हमखास स्वतःचा मोजणीचा आकडा ठेवतो: आला की अधिक एक, गेला की वजा एक. मग कोणी आधी संघ बदलतो, एक वजा होतो. नंतर गेम सोडतो, तेव्हा स्क्रिप्ट त्याच जुन्या संघातून पुन्हा एक वजा करते. खेळाडू आल्या-गेल्याची सूचना ही निव्वळ घंटा समजावी. ती वाजली की यादी नव्यानं मोजावी. नाहीतर फलकावर ‘लाल संघ: -१’ झळकतं आणि पोरं विचारतात, “अबे, हा वजा एक कोन व्हय?”