प्युरिटन वेगळे, क्वेकर वेगळे

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतींबद्दल वाचायला घेतलं की प्युरिटन आणि क्वेकर ही नावं इतक्यांदा शेजारी शेजारी येतात की बरेच जण दोघांना एकच धरून चालतात. दोघं इंग्लंडचे, दोघांनाही तिथल्या सरकारी चर्चचा जाच, राहणी साधी, आणि दोघं जहाजात बसून अटलांटिकपलीकडे गेले. पण यातल्या एकांनी दुसऱ्यांना फासावर चढवलंय, त्यामुळे हा घोळ मला तरी किरकोळ वाटत नाही.

प्युरिटनांचं म्हणणं, चर्च ऑफ इंग्लंडमध्ये कॅथलिक प्रथा अजून खूप उरल्यात, त्या काढून टाका. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या ताफ्यातून हजारेक माणसं मॅसॅच्युसेट्सला उतरली, बॉस्टन वसलं. पाद्री शिकलेले हवेत म्हणून १६३६ मध्येच कॉलेज काढलं, तेच आजचं हार्वर्ड. पण मत द्यायचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. धर्मस्वातंत्र्यासाठी गेले असं आपण वाचतो ते अर्धंच खरं, ते स्वातंत्र्य त्यांना स्वतःपुरतं हवं होतं.

क्वेकर जरा नंतरचे, १६५० च्या आसपास जॉर्ज फॉक्सभोवती जमलेले. देवाचा प्रकाश प्रत्येक माणसात आहे, मग मधे पाद्री कशाला? यांच्या सभेत सगळे गप्प बसतात, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, बाईसुद्धा. शपथ घ्यायची नाही, शस्त्र उचलायचं नाही, न्यायाधीशासमोरही टोपी काढायची नाही.

बॉस्टनला हे सहन होणारच नव्हतं. आधी फटके, मग कान कापणं, मग १६५८ मध्ये कायदाच केला की हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर मृत्युदंड. मेरी डायर तरीही परत आली. २७ ऑक्टोबर १६५९ ला तिच्या डोळ्यांसमोर तिच्या दोन साथीदारांना फाशी दिली, तिच्याही गळ्यात दोर घातला, आणि ऐनवेळी सोडून दिलं, का तर घाबरून पुन्हा येणार नाही म्हणून. ती आलीच, आणि १ जून १६६० ला तिला खरंच फाशी दिली. आज बॉस्टनच्या स्टेट हाउससमोर तिचा पुतळा आहे.

तिकडे न्यू नेदरलँडमध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्ककडे, डच होते. वसाहत व्यापारी कंपनीची, पण गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट क्वेकरांवर तुटून पडलेला. १६५७ मध्ये तिथल्या फ्लशिंग गावच्या तीसेक गावकऱ्यांनी, स्वतः क्वेकर नसूनही, त्याला लेखी कळवलं की आम्ही या लोकांना दार बंद करणार नाही. पुढे जॉन बाउन घरी क्वेकरांच्या सभा भरवायचा म्हणून १६६२ मध्ये त्याला पकडून हद्दपार केलं, तर हा थेट ॲमस्टरडॅमला कंपनीपुढे उभा राहिला, आणि १६६३ मध्ये कंपनीनंच स्टायव्हेसंटला कळवलं की लोकांच्या श्रद्धेत हात घालू नकोस. वस्ती वाढवायला कंपनीला माणसं हवी होती, हेही त्यामागं होतंच. न्यूयॉर्ककडचे मराठी लोक फ्लशिंगच्या ज्या गणपतीला जातात ना, ते देऊळ याच बाउनच्या नावाच्या रस्त्यावर आहे, आणि त्याचं घरही त्याच रस्त्यावर अजून उभं आहे.

क्वेकरांच्या हाती सत्ता आली तेव्हा काय झालं, खरी परीक्षा तिथे. १६७७ मध्ये त्यांनी वेस्ट जर्सीत बर्लिंग्टन वसवलं, आणि १६८१ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सनं क्वेकर विल्यम पेनला, त्याच्या वडिलांचं राजाकडे जे १६,००० पौंडांचं येणं होतं त्याच्या बदल्यात, पेनसिल्व्हेनिया दिलं. तिथे सरकारी चर्च नाही, सैन्य नाही, एक देव मानणाऱ्याला श्रद्धेपायी त्रास नाही, तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांची जमीन मोबदला देऊन घ्यायची. पण म्हणून ते संत नव्हते. पेनकडे स्वतःकडे गुलाम होते, आणि १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लिहून दिलं तर क्वेकरांच्याच वरच्या सभांनी ते बाजूला ठेवलं. पेनच्या मुलांनी तर १७३७ मध्ये माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन असा जुना करार पुढे केला, वाट आधीच साफ करून घेतली, वेगात जाणारी माणसं पैसे देऊन लावली आणि लेनापेंची प्रचंड जमीन लाटली. त्याचा राग धुमसत राहिला, सरहद्दीवर लढाई पेटली, आणि १७५६ मध्ये असेंब्लीतल्या, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळातल्या, काही क्वेकर सभासदांनी युद्धाच्या बाजूनं उभं राहण्यापेक्षा राजीनामे दिले.