रायफलसाठी रेड डॉट आणि टॉर्च घेण्याआधी

हे पत्रक एअर रायफल किंवा परवान्याची पॉइंट टू टू रायफल वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. बरेच जण दुकानात येतात ते मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे करून "हेच मॉडेल द्या" म्हणत. आम्ही आधी विचारतो, नेम कुठे धरणार आणि कशावर? उत्तर ऐकून निम्म्या वेळा आम्हाला "मग हे घेऊ नका" असंच सांगावं लागतं. तो सगळा संवाद इथे लिहून काढला आहे.

मुलगा किंवा मुलगी १० मीटर एअर रायफल स्पर्धेची तयारी करत असेल तर रेड डॉटचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमाच्या साईटचा, विचारच सोडा. आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रकारात दुर्बीण किंवा इलेक्ट्रॉनिक साईट चालत नाही, पीप साईटच (बारीक छिद्रातून बघायची) लागते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं (झोपून नेम धरायच्या प्रकाराचं) विश्वविजेतेपद मिळवलं आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं, ते पीप साईटवरच. नियम बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. दोन एमओएचा (हे डॉटच्या आकाराचं माप, खुलासा पुढे आहे) बारीक समजला जाणारा डॉट त्या अंतरावर जवळपास सहा मिलिमीटर जागा झाकतो, म्हणजे आख्खं नऊचं वर्तुळ गायब. पैसे उरत असतील तर चांगलं जॅकेट घ्या, पेलेटचे (छऱ्यांचे) दोन-तीन प्रकार आणून आपल्या नळीला कुठले मानवतात ते बघा.

मग रेड डॉट कोणासाठी? डबे, झाकणं, पडणारी लोखंडी निशाणं यांच्यावर १५ ते ५० मीटरपर्यंत हौसेने सराव करणाऱ्यांसाठी. त्याहून जास्त, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांसाठी. साध्या ओपन साईटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि निशाण अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि जवळचा चष्मा लागला की त्यातली पहिली धूसर होते. रेड डॉटमध्ये नजर निशाणावर ठेवायची, ठिपका आपोआप तिथेच दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

यामागची रचना साधी आहे. आत एक बारीक एलईडी असते, तिचा प्रकाश समोरच्या वक्र काचेवर पडून डोळ्याकडे परत येतो. काचेवरचा लेप फक्त लाल रंग परतवतो, म्हणून पलीकडचं दृश्य किंचित निळसर दिसतं. स्वस्त साईटमध्ये ते जास्तच निळं आणि काळपट दिसतं. निशाणावर प्रत्यक्षात काही पडत नाही. हा लेझर नव्हे. यात काही मोठंही दिसत नाही. ही पद्धत बाजारात आणली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने, १९७५ साली, आणि तत्त्व आजही तेच आहे.

"पॅरालॅक्स फ्री", म्हणजे डोळा हलला तरी डॉट निशाणावरून सरकत नाही, असं डब्यावर छापलेलं असतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लांबच्या अंतरावर ते बऱ्यापैकी खरं असतं, जवळ नाही. रायफल स्टँडवर पक्की ठेवा, १० मीटरवरच्या कागदावर डॉट आणा आणि रायफलला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा. डॉट कागदावर सरकताना दिसेल. वीस मिलिमीटरच्या काचेत डॉट अगदी कडेला ठेवून नेम धरला तर चूक सेंटिमीटरभरापर्यंत जाऊ शकते. डब्याला चालेल, कागदावरच्या ग्रुपला (एकाच जागी मारलेल्या छऱ्यांच्या पुंजक्याला) नाही. म्हणून गाल दर वेळी एकाच जागी टेकवायचा आणि डॉट काचेच्या मध्यावर ठेवायचा.

डोळ्याला सिलिंडरचा नंबर असेल तर डॉट गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसतो. साईट खराब निघाली म्हणून परत आलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत कारण हेच असतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून डॉट बघा. फोटोत तो गोल आला तर साईट ठीक आहे, डोळे तपासून घ्या. चष्मा लावून आणि उजेड दोन पायऱ्या कमी करून बरंच सुधारतं. तरीही नाही जमलं तर प्रिझम साईट बघा. तिची खूण काचेवर कोरलेली असते, ती जास्त स्पष्ट दिसते आणि सेल संपला तरी राहते.

डॉटचा आकार एमओएमध्ये सांगतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, ५० मीटरवर दीड, २५ मीटरवर सात मिलिमीटर. रायफलला दोन किंवा तीन एमओए पुरे. सहाचा डॉट पिस्तुलासाठी असतो, चटकन सापडतो पण लहान निशाण झाकून टाकतो. नेम जुळवायच्या फिरकीचा क्लिकही याच मापात असतो. एक क्लिक एक एमओएचा असेल तर १० मीटरवर छर्रा तीन मिलिमीटरच हलतो, त्यामुळे तीन सेंटिमीटर हलवायला दहा क्लिक लागतात. हे माहीत नसलं की माणूस दोन क्लिक देतो आणि साईट हलतच नाही म्हणून वैतागतो.

उघडी की बंद? उघड्या साईटमध्ये एलईडी बाहेर असते. तिच्यावर पावसाचा एक थेंब किंवा थोडी धूळ बसली की डॉट पसरतो नाहीतर दिसेनासा होतो. बंद दालनात चालत असेल तर उघडी घ्या, हलकी आणि स्वस्त पडते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर वापरायची असेल तर बंदच. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आयपीएक्स ४ म्हणजे नुसत्या शिंतोड्यांपुरतं. आणखी एक, उन्हाळ्यात साईट गाडीच्या डिकीत ठेवू नका. थंडी-उष्णतेने नेम सरकतो ही तक्रार महागड्या मालालाही लागू पडली आहे. अमेरिकेत २०१५ साली ईओटेकच्या होलोग्राफिक साईटबद्दल याच कारणावरून तिच्या मालक कंपनीने सरकारला २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

बहुतेक लहान साईटना सीआर २०३२ हा बटणसेल लागतो. सेलचा कप्पा बाजूला किंवा वर असलेली साईट निवडा. तो खाली असेल तर सेल बदलताना साईट उतरवावी लागते आणि झिरो (डॉट आणि छर्रा एकाच जागी जुळवलेला असणं) पुन्हा तपासावा लागतो. "५० हजार तास" म्हणजे हिशेबाने साडेपाच वर्षांहून जास्त, पण ते मधल्या किंवा मंद उजेडावरचे तास असतात. भर दुपारी पूर्ण उजेडावर सेल त्याच्या कितीतरी आधी संपतो. काही सेलवर मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून कडू लेप असतो, त्याने काही साईटमध्ये संपर्क नीट होत नाही. बिनलेपाचा घ्यायचा तर घरात लहान मूल आहे का ते आधी बघा. गिळलेला बटणसेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. जुने सेल टेबलावर पडू देऊ नका.

आता माउंट, म्हणजे साईट रायफलवर पकडून ठेवणारी पकड. साईटवर हजारो रुपये घालून लोक माउंट फुकटातला लावतात, आणि नंतर आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत साईटपेक्षा माउंटचा दोष जास्त वेळा निघतो. आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलवर आणि पुष्कळ पॉइंट टू टूवर ११ मिलिमीटरची डोवटेल खाच असते. नव्या मॉडेलांवर पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) येते. तिचं माप अमेरिकन लष्कराने १९९५ साली पक्कं केलं, खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांत १०.०१ मिलिमीटर अंतर. वीव्हर रेल दिसायला तशीच, पण खाच अरुंद. वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बसतो, उलटं बसेलच असं नाही. ठोकून बसवू नका.

ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) स्प्रिंग रायफल असेल तर विशेष काळजी घ्या. तिचा धक्का दोन्ही बाजूंना असतो. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि तो पुढे आदळला की पुढे खेचली जाते. बंदुकीच्या मागच्या धक्क्यासाठी बनवलेली चांगली साईटही या पुढच्या झटक्याने खिळखिळी होते, आणि माउंट हळूहळू मागे सरकतो. "स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल" असं कंपनीने लेखी म्हटलं असेल तरच घ्या, आणि अडकवण्याची पिन असलेलाच माउंट लावा. पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला ही कटकट नाही. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर लावा, लाल लावलंत तर पुढे गरम केल्याशिवाय सुटणार नाही. बसवून झाल्यावर स्क्रू आणि माउंट यांच्यावरून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला.

झिरो करताना एका छऱ्यावर विश्वास ठेवू नका. तीन ते पाच मारा, त्यांचा मध्य बघा, मगच क्लिक द्या. साईट नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते, म्हणून १० मीटरवर झिरो केलेली रायफल पाच मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर खाली मारते. त्याच कारणाने, वाळूच्या पोत्यावरून किंवा कट्ट्यावरून नेम धरताना काचेतून समोर सगळं मोकळं दिसतं आणि नळीचं तोंड मात्र कट्ट्यावर रोखलेलं असतं. हे नीट बघून घ्या.

रायफलवर लावायच्या टॉर्चबद्दल आम्ही थोडे हात आखडते घेतो. रेंजवर तिचं काही काम नाही. आणि तिचा मूळ दोष असा की उजेड जिथे पाडायचा तिथे नळी रोखावीच लागते. अंगणात कोण आलं हे बघायला रायफल रोखली आणि तो शेजारचा काका निघाला, तर? बघण्यासाठी हातातली बॅटरी वेगळी हवीच. रानडुकरांनी भात किंवा सोयाबीन उद्ध्वस्त केल्याचं दुःख आम्हाला कळतं, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारणंच नव्हे, मारायचा प्रयत्नही शिकार ठरतो. बत्तीच्या शिकारीसाठी आम्ही टॉर्च देत नाही, घासाघीस करू नये.

परवान्याच्या हत्यारासह रात्रीची राखण करणाऱ्यांना टॉर्च लागते, त्यांनी लुमेनच्या आकड्यावर भाळू नये. नळाच्या पाइपाला अंगठा लावला की पाणी तेवढंच राहतं पण धार लांब जाते. लुमेन म्हणजे पाणी आणि कँडेला म्हणजे धार. डब्यावर लिहिलेलं अंतर कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट असतं. १० हजार कँडेला म्हणजे २०० मीटर, ४० हजार म्हणजे ४००. पण त्या टोकाला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरतो. माणूस ओळखायचा असेल तर त्या अंतराचा तिसरा हिस्साच धरा. उलट, खोलीत आणि पांढऱ्या भिंतीसमोर प्रखर झोत आपल्याच डोळ्यांवर येतो, धुक्यातही तेच. शिवाय लुमेनचा आकडा टॉर्च लावल्यानंतरच्या सुरुवातीच्या क्षणांचा असतो, थोड्या वेळात ती तापते आणि उजेड स्वतःहून उतरतो.

सेल १८६५० प्रकारचा असेल तर "९९०० एमएएच" छापलेला सरळ परत ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजारच मावतात. नेताना मागची टोपी अर्धा फेरा सैल करा, म्हणजे पिशवीत टॉर्च चालू होणार नाही. हजार लुमेनची टॉर्च बॅगेतल्या कापडाला डाग पाडते, कधी जाळतेही.

दुकानात येताना रायफल आणू नका. वरच्या खाचेचा किंवा रेलचा मोबाईलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. रायफलचं मॉडेल, ती स्प्रिंगची की पीसीपी, परवान्याची असेल तर परवान्याची प्रत, आणि तुमच्या चष्म्याचा नंबर आणा. साईट काउंटरवर चालू करून दाखवू, दारात उन्हात नेऊनही बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळेच डॉट छान दिसतात.