फाइलनाव जुळणी (सॉफ्टवेअर चाचणी)

फाइलनाव जुळणी : ठरावीक नमुन्यात बसणाऱ्या फाइली नावावरून शोधण्याची पद्धत. स्वयंचलित चाचण्यांत ती दोनदा लागते. चाचण्या कोणत्या फाइलींत आहेत हे आधी ठरवावे लागते, आणि प्रोग्रॅमने बनवलेल्या फाइली अपेक्षेप्रमाणे आहेत का हे नंतर तपासावे लागते. नमुन्याच्या या लघुलिपीला ‘ग्लॉब’ म्हणतात. १९७१ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीत याच नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता; ‘ग्लोबल’चे ते आखूड रूप.

तारा (*) म्हणजे कितीही अक्षरे, प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक, चौकोनी कंस म्हणजे आतल्यांपैकी कोणतेही एक. नियम तीनच, पण साधनागणिक त्यांचा अर्थ बदलतो. युनिक्सच्या शेलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या प्रोग्रॅममध्ये) तारा फोल्डरची तिरकी रेघ (/) ओलांडत नाही आणि टिंबाने सुरू होणारी लपवलेली फाइल पकडत नाही. पायथॉन भाषेतल्या ‘एफएनमॅच’ या नावे जुळवणाऱ्या साधनात तो या दोन्ही गोष्टी करतो. रेगेक्स या मजकूर शोधण्याच्या दुसऱ्या लघुलिपीत तर ताऱ्याचा अर्थच निराळा, आणि टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. कंसांची गंमत आणखी वेगळी : ‘अहवाल[१]’ हे फाइलचे नाव जसेच्या तसे नमुना म्हणून दिले, तर ‘अहवाल१’ सापडते आणि ‘अहवाल[१]’ स्वतःच्याच नावाशी जुळत नाही.

चाचणीची फाइल नावावरूनच ओळखतात. पायटेस्ट या पायथॉनच्या चाचणी-साधनात पायथॉन फाइलचे नाव ‘टेस्ट_’ने सुरू व्हावे किंवा ‘_टेस्ट’ने संपावे लागते. गो भाषेत ‘_टेस्ट’ शेवटी हवे. मात्र त्याच्या लगेच आधी ‘_विंडोज’ आले, तर ती फाइल विंडोजसाठीच आहे असे गो धरून चालते. खिडक्यांच्या हिशेबाची चाचणी कुणी ‘हिशेब_विंडोज_टेस्ट’ नावाने लिहिली, तर लिनक्सवर ती कधीच चालणार नाही आणि तक्रारही येणार नाही.

म्हणूनच जुळणीतील दुरुस्तीचा रिव्ह्यू इतर दुरुस्त्यांपेक्षा अवघड असतो. हिशेब चुकला की चाचणी लाल, म्हणजे नापास, होते. जुळणी चुकली की चाचणी गायब होते आणि उरलेल्या सगळ्या हिरव्या दिसतात. नव्या नमुन्याने काय सापडले हे दुरुस्ती करणारा दाखवतोच. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारायचे ते हे, की आधी सापडत होते त्यातले आता काय सुटले? त्यासाठी बदलाआधीच्या आणि नंतरच्या चाचण्यांची संख्या शेजारी ठेवून पाहणे हा साधा उपाय, आणि तोच बहुतेकदा राहून जातो. एकही चाचणी न सापडल्यास पायटेस्ट ५ हा निर्गमन-संकेत (प्रोग्रॅम संपताना कळवतो तो आकडा) देऊन अपयश नोंदवते. पायथॉनच्या स्वतःच्या ‘युनिटटेस्ट’ या चाचणी-साधनात ही सोय ३.१२ आवृत्तीपासून आली. त्याआधी शून्य चाचण्यांची धावही यशस्वी धरली जाई.

‘माझ्या मशीनवर चालते’ या वाक्यामागे पुष्कळदा जुळणीच असते. लिनक्स रोमन लिपीतील मोठी-लहान अक्षरे वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. एफएनमॅच त्या-त्या प्रणालीची रीत पाळते, त्यामुळे तीच तुलना एकीकडे खरी तर दुसरीकडे खोटी ठरते. अशा वेळी चाचणी सैल करून हिरवी करणे सोपे. पण दोष प्रोग्रॅमच्या नाव देण्यात असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, पांघरूण होय.

सापडलेल्या फाइलींचा क्रमही गृहीत धरता येत नाही. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की रेणूंच्या एनएमआर (चुंबकीय अनुस्पंदनावरून रचना ओळखण्याच्या) गणनेसाठी रसायनशास्त्रज्ञ वापरत असलेल्या पायथॉन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळी उत्तरे देत होत्या. पायथॉनचे ग्लॉब फाइलींची यादी कोणत्याही क्रमाने देऊ शकते, आणि स्क्रिप्टने तो क्रम ठरलेला मानला होता. यादी आधी क्रमाने लावून घेणे, एवढीच दुरुस्ती होती.

देवनागरी नावांत आणखी एक गुंता आहे. प्रश्नचिन्ह ‘एक अक्षर’ पकडते म्हणजे एक युनिकोड चिन्ह पकडते. ‘की’ आपल्याला एक अक्षर वाटते, पण त्यात ‘क’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत; ‘क्षि’मध्ये चार. मराठीतला ‘ऱ’ तर दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे साठवताना अशा चिन्हांची फोड करत असे. त्यामुळे सात चिन्हांचे ‘दुसऱ्या’ लिहून फाइल बनवली की परत वाचताना आठ चिन्हांचे नाव येई. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, तुलना मात्र फसते. येथे नमुना बदलून काही होत नाही. तुलनेआधी दोन्ही नावे युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणावी लागतात.