बीडचा कोड सगळ्या जिल्ह्याला लागत नाही

‘जिल्हा एक, एसटीडी कोड एक’ हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. लग्नपत्रिका छापताना अंबाजोगाईच्या दुकानाच्या लँडलाइनपुढे कुणीतरी बिनधास्त ०२४४२ टाकतं, आणि मग फोन जातो बीडला. अंबाजोगाईचा कोड ०२४४६ आहे. जिल्हा तोच, कोड वेगळा. लातूरचं तेच: शहराला ०२३८२, उदगीरला ०२३८५.

कोड कलेक्टर कचेरीच्या हद्दीवर ठरलेच नव्हते. दूरसंचार खात्याने कॉलचा दर लावायला देशाचे अडीच हजारांवर छोटे विभाग पाडले, बहुतेक ठिकाणी तालुक्याएवढे, आणि प्रत्येकाला कोड दिला. म्हणून शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तरी ०२४० तोच राहिला.

‘मोठं शहर म्हणून कोड छोटा’ हेही अर्धंच खरं. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरावे लागतात. संभाजीनगरला जास्त नंबर हवे होते, म्हणून तिथे २४० पुढे सात आकडी नंबर. लातूरला २३८२ पुढे सहाच. शून्य तर कोडचा भागही नाही, बाहेरगावी फोन लावतोय एवढंच ते एक्स्चेंजला सांगतं. परदेशातून भावाने +९१ नंतर ते शून्य दाबलं, तर फोन लागायचा नाही.