मोटारीच्या रंगाची चकाकी

मोटारीच्या रंगाला खोली दिसावी, बोनेटवर समोरच्याचा चेहरा स्पष्ट उमटावा, यासाठी घरच्या घरी करायचे धुणे, पॉलिश आणि संरक्षक थर देण्याचे काम. साहित्य सगळीकडे सारखेच लागते. मराठवाड्यात मात्र धूळ, बोअरचे जड पाणी आणि चाळिशीपार जाणारे ऊन या तिन्हींशी एकदम गाठ असते, त्यामुळे इथे कामाचा क्रम आणि वेळ फार जपावी लागते.

रंगाची रचना : पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी याच थराच्या सपाटपणावर अवलंबून असते. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. बारीक ओरखडे पडले की तो विखुरतो आणि काळी गाडी राखाडी दिसू लागते. जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसूही शकतो. आडबाजूला जराशा पॉलिशने घासून पाहावे; फडक्याला गाडीचाच रंग लागला तर तो एकथरी रंग समजावा.

कोरडा फडका : मराठवाड्यातल्या गाड्यांची चकाकी सर्वांत जास्त घालवते ती रोज सकाळी धुळीवर कोरडा फडका मारण्याची सवय. काळ्या मातीतला चिकण भाग मऊ असतो, पण रस्त्याच्या धुळीत बेसॉल्ट या काळ्या खडकाचेही कण असतात. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा 1 ते 10 च्या मोहस मापनावर 6 च्या आसपास भरतो. तो कण फडक्याखाली सापडला की क्लिअर कोटवर रेघ उठलीच. दुपारच्या उन्हात काळ्या गाडीवर गोल गोल जाळे दिसते, ते अशा रेघांचेच. डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवल्याने दिसते ती नुसती तेलाची झळाळी. तासाभरात तिच्यावर दुप्पट धूळ बसते. हा प्रकार पूर्ण सोडावा.

धुणे आणि पाणी : दोन बादल्या घ्याव्यात, एक गाडीच्या शाम्पूची, दुसरी कापड खळबळून काढायला. आधी नुसत्या पाण्याने चिखल सोडवावा, मग टपापासून खाली यावे. चाकांसाठी वेगळे कापड ठेवावे. कपड्यांची पावडर वापरू नये. ती वॅक्स, म्हणजे रंगावरचा मेणाचा संरक्षक थर, उतरवते.

ज्या भागात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे गाडीवर पाइप सोडून बसणे योग्य नाही. साध्या धुळीसाठी ‘रिन्सलेस’ (नंतर पाण्याने धुवावा न लागणारा) शाम्पू टाकलेले अर्धी बादली पाणी पुरते. त्यात भिजवलेले मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचे आणि दर वेळी कापडाची नवी घडी घ्यायची.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब तापल्या पत्र्यावर वाळला की पांढरी कडी उरते. म्हणून ऊन चढण्याआधी सावलीत धुवावे, लगेच टिपून घ्यावे, शेवटचा हात शक्य तर आरओच्या शुद्ध पाण्याचा द्यावा. आरओमधून वाया जाणारे पाणी यासाठी चालत नाही, त्यात क्षार अधिक असतात. ताज्या डागांवर निम्मे पाणी घातलेले पांढरे व्हिनेगर मिनिटभर ठेवून धुतले की बहुतेक डाग निघतात. मुरलेले डाग पॉलिशशिवाय हटत नाहीत.

पॉलिश : धुतलेल्या गाडीवर पातळ कॅरीबॅगमध्ये हात घालून फिरवावा. खरखर लागली तर रंगात कण रुतले आहेत. ते क्ले बार, म्हणजे कण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून अलगद सरकवत काढतात. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्यावा.

पुढचे काम घाईचे नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच चौकोन घ्यावा. फोमच्या पॅडवर पॉलिशचे चार थेंब, हात आधी आडवा, मग उभा. थर पारदर्शक होत आला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहावे. जाळे उरले असेल तर पुन्हा एक फेरी. मशीन घ्यायचेच तर ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारेही, घ्यावे. गॅरेजमधले गोल फिरणारे रोटरी बफर नवख्याच्या हातात कडेवरचा रंग जाळते. जाड कंपाउंड (खरखरीत पॉलिश) दर वेळी क्लिअर कोट थोडा खातेच, म्हणून ते क्वचित वापरावे. नख अडकेल इतका खोल ओरखडा किंवा क्लिअर कोटचे सुटलेले पापुद्रे पॉलिशने जात नाहीत; ते पेंटरचे काम.

संरक्षक थर : कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. त्याने रंग सुंदर खुलतो, पण इथल्या उन्हाळ्यात ते फार दिवस टिकत नाही. सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, काही महिने राहते; घरी लावणाऱ्याने तेच धरावे. सिरॅमिक कोटिंग वर्षाहून जास्त टिकते, परंतु लावताना धूळ चालत नाही आणि राहिलेले ओरखडे त्याखाली तसेच बंद होतात.

स्थानिक काळजी : मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकट स्राव टपावर पडतो, तो त्याच दिवशी धुवावा. पक्ष्यांची विष्ठाही तशीच, तिच्यातले आम्ल उन्हात रंग खाते. गाळप हंगामात साखर कारखान्याजवळच्या गावांत काजळी बसते. ती पुसली तर काळे पट्टे ओढले जातात, म्हणून आधी पाण्याने उडवावी. दसऱ्याला झेंडूची माळ बोनेटवर आडवी न बांधता पुढच्या जाळीला बांधावी, नाहीतर गाडी धावताना दोरा आणि देठ रंगावर घासत राहतात. ओले हळदकुंकू काचेवर लावावे आणि रंगावर सांडलेले त्याच संध्याकाळी धुऊन काढावे.